जानबाच्या वस्तीवरचा खुंटा

मित्रांनो, मी एक जुना खुंटा आहे. सोनईच्या पुढे पाटाच्या कडेला चार घरांची एक वस्ती आहे. तिला जानबाची वस्ती म्हणतात. तिथल्या सहादेवच्या अंगणात मी उभा आहे. मला बैल बांधतात, म्हैस माझ्या अंगाला पाठ घासते आणि सकाळी कोंबडा माझ्या डोक्यावर चढून आरवतो. यात सांगण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. पण मी लाकडाचा नाही, बिडाचा आहे; आणि जन्मलो तेव्हा खुंटा नव्हतो, तोफ होतो. आता तोफ म्हणजे ‘ती’ आणि खुंटा म्हणजे ‘तो’, मग मी नेमका कोण, हे तुमच्या व्याकरणाच्या बाईंना विचारा. मला त्याची काळजी नाही. माझ्या मनाला लागून राहिलेल्या गोष्टी वेगळ्याच आहेत.

दूर दक्षिणेला समुद्राच्या काठी पुदुच्चेरी नावाचं गाव आहे. पूर्वी तिथे फ्रान्स देशाचे लोक वसाहत करून राहत. आपल्याकडची जुनी माणसं त्यांना फरासीस म्हणत. तिथल्या ओतशाळेत ज्याँ-बातीस्त नावाच्या फरासीसाने मला ओतलं. त्याचा बाप जहाजातून आला होता, पण तो स्वतः इथेच जन्मला होता. उन्हाने रापलेला, बोलायला गोड आणि हाताला भाजल्याचे डाग असलेला माणूस. मला साच्यातून बाहेर काढलं, माझं अंग निवलं, तेव्हा त्याने आपल्या लहानग्या मुलीला माझ्यावर घोड्यासारखं बसवलं. तिने माझ्या तोंडात मूठभर शिंपले टाकले आणि ते खुळखुळतात म्हणून ती खिदळली. माझ्या आयुष्यातला पहिला आवाज तो. तेवढ्यावरच सगळं थांबलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण तोफ शिंपल्यांसाठी ओतत नाहीत. इकडे शिंद्यांच्या फौजेला तोफा हव्या होत्या आणि तोफांची नाडी ओळखणारी माणसंही हवी होती. ज्याँ-बातीस्तला बोलावणं आलं. “पाऊस सरला की येतो,” असं मुलीला सांगून तो निघाला. तो मला घेऊन आला असं लोक म्हणतील, पण मला कायम वाटतं की मीच त्याला ओढून आणलं. मी नसतो तर एका ओताऱ्याला इतक्या लांब कोणी कशाला बोलावलं असतं? तो आपल्या भट्टीपाशी म्हातारा झाला असता आणि त्याच्या मुलीने त्याचे पाय चेपले असते.

पुढे नगरच्या किल्ल्यावर इंग्रजांनी हल्ला केला. त्या लढाईचं वर्णन मी करणार नाही. माझ्या तोंडून जे बाहेर पडलं त्याने कोणाची तरी घरं बसली, आणि ती कोणाची होती हे मला कधी कळलं नाही. किल्ला पडला. इंग्रज फरासिसांना शोधू लागले. ज्याँ-बातीस्तने मला गाड्यावर चढवलं आणि बैलांना दामटत तो रातोरात सोनईच्या बाजूला आला. तिथे एका शेतकऱ्याने त्याला कडब्याच्या गंजीत लपवलं. तापाने फणफणलेल्या त्या माणसाला त्या शेतकऱ्याच्या मुलीने पेज पाजली. तो बरा झाला, तेव्हा पहिलं काम त्याने काय केलं असेल? अंगणात खड्डा खणला आणि मला उलटा करून माझं तोंड जमिनीत पुरलं. मातीने माझं तोंड गच्च भरलं. तेव्हापासून मी एक शब्दही बोललो नाही. आज तुमच्याशी बोलतो आहे ते मनातल्या मनात.

मग पुदुच्चेरीही इंग्रजांनी घेतलं आणि वाटा बंद झाल्या. ज्याँ-बातीस्त हे नाव इथल्या लोकांच्या जिभेवर काही केल्या बसेना. त्याचं जानबा झालं. पेज पाजणाऱ्या मुलीशी जानबाचं लग्न लागलं. त्याने नांगर धरला, आसपासच्या विहिरींना मोटेची चाकं ओतून दिली. पुढे वाटा मोकळ्या झाल्या, पण तोवर अंगणात दोन पोरं रांगत होती. गेला तर इथली रडणार, न गेला तर तिथली. रोज दिवस कलला की तो मला पाठ टेकून आग्नेयेकडे तोंड करून बसायचा. कोणी हाक मारली तरी त्याला लवकर ऐकू यायचं नाही. असाच एका संध्याकाळी तो बसल्या जागी गेला. त्याला माझ्या समोरच, दोन पावलांवर पुरलं. वर दगड ठेवला नाही. पुढे त्यावरून अंगण सारवलं गेलं.

त्याच्या पोरांना बापाचा अभिमान होता. नातवंडांना थोडी लाज वाटू लागली, कारण शाळेत आणि बाजारात कोणीतरी फिरंग्याची अवलाद म्हणून चिडवायचं. मग सोयरिकींची वेळ आली आणि लाजेची भीती झाली. या मुलखात मुलगी देताना-घेताना कुळी विचारतात. तेव्हा घरातल्या शहाण्यांनी ठरवलं की जानबा राजूरकडच्या डोंगरातून आला असं सांगायचं. डोंगर लांब, चौकशीला जातो कोण! हळूहळू घरातल्यांनाही ते खरं वाटू लागलं. खरी गोष्ट फक्त सासूकडून सुनेकडे, चुलीपाशी, हळू आवाजात जात राहिली. सहादेवची म्हातारी आई साळूबाई हिला ती ठाऊक होती आणि तिने सहादेवला सांगितली होती.

एक गंमत मात्र कोणाला लपवता आली नाही. या वस्तीवरचे लोक बैलांना चालवताना ‘आलेऽ, आलेऽ’ म्हणतात. सगळ्या पंचक्रोशीत कोणी असं म्हणत नाही. लोक हसत आणि म्हणत, “जानबाच्या वस्तीचं सगळं उलटं. ‘आले’ म्हटलं की यांचे बैल जातात!” घरातल्यांनाही त्याचं कारण माहीत नव्हतं. बाप म्हणायचा म्हणून मुलगा म्हणायचा, एवढंच.

आता मी तुम्हाला सत्तर सालची गोष्ट सांगतो. तुळशीची लग्नं लागली होती. सहादेवच्या मुलीची, राहीची, त्या दिवशी सुपारी फुटायची होती. नेवाशाकडचे पुंजाराम पाटील आपल्या मुलासाठी तिला मागणी घालून आले होते. मोठं घर, चार माणसांत वजन असलेला माणूस. अंगणात घोंगडी अंथरली होती. ताटात नारळ, सुपारी, साडी मांडली होती. राही आत नवी साडी नेसून बसली होती. तिची आई छबूबाई चुलीपाशी घाईत होती. सहादेवचा जीव टांगणीला लागला होता, कारण याआधी राहीच्या दोन सोयरिका मोडल्या होत्या. कशाने मोडल्या ते कोणी बोललं नव्हतं, पण सहादेवला फिरंग्याच्या कुळीचीच धास्ती होती.

तेवढ्यात धुरळा उडवत एक टॅक्सी आली. तिच्यातून नगरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारे शामकांत मास्तर उतरले आणि त्यांच्यामागून एक गोरी म्हातारी. पांढरे केस, सुती झगा, डोक्यावर गवती टोपी. तिचं नाव मादलेन. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि ती सरळ माझ्याकडे आली. माझ्या अंगावरून तिने हात फिरवला. मित्रांनो, शेणाने आणि दोरांनी काळवंडलेल्या माझ्या अंगावर असा हात कितीतरी वर्षांत कोणी फिरवला नव्हता.

शामकांत म्हणाले, “सहादेवराव, या बाई पुदुच्चेरीहून आल्यात. यांच्या खापरपणजीचे वडील या भागात आले आणि परत गेलेच नाहीत. ज्याँ-बातीस्त नाव, तोफा ओतायचे. सोनईच्या बाजाराकडे राहिले, एवढंच यांच्या घरात सांगत आलेत. तुमच्याकडे तोफेचा खुंटा आहे असं कळलं, म्हणून आलो.”

घोंगडीवरच्या सगळ्या माना इकडे वळल्या.

“ह्यो व्हय?” तो हसून म्हणाला. “आवं, ह्यो आमच्या आज्यानं नगरच्या बाजारात मोडीत घेतला. बैलानं कितीबी हिसडा मारला तरी उपटत न्हाई, म्हनून.”

“आणि ही जानबाची वस्ती. जानबा कोण?”

“आमचा पूर्वज. राजूरकडनं आल्ता, डोंगरातनं.”

शामकांतनी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी आणखी एक प्रश्न विचारला. तो सांगताना शामकांत जरा थबकले. “बाई विचारतात, आसपास कुठे एखाद्या परक्या माणसाची कबर आहे का? यांच्या घरात आता यांच्यामागे कोणी नाही. निदान जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, असं त्यांना वाटतं.”

“न्हाई बा,” सहादेव म्हणाला. “हितं कुठली कबर?”

हे बोलताना तो जानबावरच उभा होता. दाराशी बसलेल्या साळूबाईने पदर डोळ्यांवर ओढला. आणि मी? मी ओरडायला हवं होतं. एके काळी माझ्या आवाजाने किल्ल्याच्या भिंती हादरत होत्या. पण ज्याचं तोंडच जमिनीत आहे त्याने ओरडायचं कसं? मी गप्प उभा राहिलो आणि त्या खोट्याला माझाच टेकू लागला, कारण मोडीत घेतलेला खुंटा म्हणजे मीच होतो ना!

बाई आणि शामकांत निघाले. वस्तीवर आलेल्या माणसाला कोणी पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नाही. देऊ नये असं कोणाच्या मनात नव्हतं, पण बाई लवकर जाव्यात असं सहादेवच्या मनात होतं, आणि घराने ते ओळखलं होतं.

पण टॅक्सी मागे घेताना चाकं पाटाच्या पाण्याने भिजलेल्या रानात रुतली. ड्रायव्हरने जोर लावला तशी ती आणखीच आत गेली. माणसं ढकलायला धावली. काही उपयोग होईना. शेवटी सहादेवने माझ्याकडचे बैल सोडले आणि टॅक्सीला दोर बांधला. पुंजाराम पाटलांना बैलांचा मोठा नाद. “आना कासरा हिकडं,” म्हणत ते पुढे झाले. “हो! चल राजा! हैक!” त्यांनी सगळे शब्द वापरून पाहिले. बैल ढिम्म. लोक हसू लागले. पाटीलही हसले आणि म्हणाले, “इवायाचे बैल, इवायाचंच ऐकनार!”

सहादेवने कासरा घेतला आणि सवयीने आरोळी दिली, “आलेऽ! आलेऽ!”

बैलांनी मान खाली घातली आणि एका दमात टॅक्सी बाहेर काढली. सगळे ओरडले. फक्त बाई ओरडल्या नाहीत. त्यांच्या हातातली पिशवी चिखलात पडली होती आणि त्या सहादेवकडे टक लावून पाहत होत्या. मग त्यांनी शामकांतच्या कानात काहीतरी विचारलं.

“सहादेवराव,” शामकांत म्हणाले, “तुम्ही बैलांना आत्ता काय म्हणालात?”

“आले म्हनालो.”

“म्हणजे काय?”

“म्हंजी… जा!”

सगळे खो खो हसले. शामकांत हसले नाहीत. ते बाईंना घेऊन माझ्यापाशी, बाजूला आले. बाई त्यांना इंग्रजीत जे म्हणाल्या, त्याचा अर्थ मी ओळखला. फरासिसांच्या भाषेतही ‘आले’ म्हणजे ‘जा’. जानबा आपल्या बैलांना आपल्याच भाषेत ‘जा’ म्हणायचा, आणि त्याच्या पाचव्या पिढीचा माणूस ते अजून म्हणत होता. नाव पुसलं, कबर सारवली, पण बैलांना खोटं शिकवायचं मात्र सगळे विसरले.

बाईंना कळलं की हे घर त्यांचं आहे. आणि हेही कळलं की हे घर त्यांच्याशी खोटं बोललं. त्यांनी सहादेवकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती. मग त्यांची नजर ताटातल्या नारळावर गेली, घोंगडीवरच्या माणसांवर गेली, दारात येऊन उभ्या राहिलेल्या राहीवर गेली. शामकांतनी हळू आवाजात त्यांना काहीतरी समजावलं. बाईंनी मान डोलावली. त्या रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं.

“काय म्हनत्यात बाई?” पुंजाराम पाटलांनी विचारलं.

“म्हणतात, बैल गुणी आहेत,” शामकांत म्हणाले.

मग बाई साळूबाईसमोर जाऊन बसल्या. दोन म्हाताऱ्या, समोरासमोर. शामकांतनी त्यांचं बोलणं सांगितलं, “आजी, बाई विचारतात, समजा असा एक माणूस इथे राहिला असता, तर त्याला कोणी जीव लावला असता का?”

साळूबाईने सहादेवकडे पाहिलं, मग घोंगडीवरच्या पाहुण्यांकडे.

“असता तर लावला असता, बाई,” ती म्हणाली. “लई लावला असता. दर सर्वपित्रीला पयलं पान त्याचंच वाढलं असतं.”

“आणि तो आपल्या मागे राहिलेल्या मुलीला विसरला असता का?”

“न्हाई वो! असता तर रोज दिवस कलला की तिकडं तोंड करून बसला असता. जेवायच्या हाकंलाबी ओ दिली नसती.”

बाईंनी साळूबाईचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, कपाळाला लावले आणि त्या उठल्या. राहीच्या गालाला हात लावून त्या टॅक्सीत बसल्या. टॅक्सी दिसेनाशी झाली.

सहादेवने सुटकेचा श्वास सोडला. “बसा पाव्हनं,” तो म्हणाला, “सुपारी फोडून घिऊ.”

पुंजाराम पाटील बसले नाहीत. ते म्हणाले, “आजी, असता तर, असता तर कशापायी? व्हता की!”



“जानबा फरासीस सगळ्या तालुक्याला ठावं हाय,” पाटील म्हणाले. “आमच्या हिरीवरचं मोटंचं चाक त्यानंच वतलेलं. माझा आजा त्याचं नाव घिऊन हात जोडायचा. सहादेवराव, आमी तुमची कुळी इचारून आलोय. इचारून आलो, तरीबी आलो. तुमी मातर दारात आलेली लेक परकी करून धाडली.”

दोन सोयरिका कुळीपायी नाही, तर देण्याघेण्यावरून मोडल्या होत्या, हे पाटलांनीच त्याला सांगितलं. म्हणजे ज्या भीतीपायी तो खोटं बोलला, ती भीती फक्त त्याच्या डोक्यात होती.

“सुपारी पळून जात न्हाई,” पाटील म्हणाले. “आधी त्या बाईला गाठा.”

पाटलांची सायकल घेऊन सहादेव सोनईला पळाला. तिथून एसटीने नगरला, तिथून स्टेशनवर. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सायकल हातात धरून पायी परत आला. “गाडी गेल्ती,” एवढंच तो छबूबाईला बोलला. मग तो मला पाठ टेकून बसला. जेवायला हाक मारली तरी त्याला लवकर ऐकू आलं नाही.

माघात राहीचं लग्न झालं, ती सुखात आहे. शामकांतनी सहादेवच्या वतीने पुदुच्चेरीला दोन पत्रं पाठवली. जानबाची जागा दाखवतो, आई वाट बघते आहे, घरी या, असं लिहिलं. एकाचंही उत्तर आलं नाही. साळूबाई वाट बघतच एका हिवाळ्यात वारली.

आता सहादेव काही लपवत नाही. जानबाच्या जागेवर त्याने दगडांचा ओटा बांधला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो स्वतः होऊन सगळं सांगतो. पण सर्वपित्री अमावास्या आली की मला त्याच्याकडे बघवत नाही. जानबाचं पान वाढून होतं, साळूबाईचं होतं. मग छबूबाई आणखी एक पान करून त्याच्या हातात देते, मादलेनबाईंचं. ते घेऊन तो नुसता उभा राहतो. जिवंत माणसाचं पान पितरांत वाढणं पाप, आणि गेलेल्याचं न वाढणंही पाप. बाई आहेत की गेल्या, हे त्याला माहीत नाही. शेजारचे म्हणतात, “ठिव रं खाली, कावळे वाट बघत्यात.” तो ठेवत नाही.

मित्रांनो, मी युद्धातून आलेला आहे, मला उपदेश करायचा अधिकार नाही. तरी एक विनंती करतो. तुमच्या दारात कोणी आपलं माणूस शोधत आलं, तर लोक काय म्हणतील याचा विचार नंतर करा. आधी त्याला पाणी द्या, बसवा, आणि खरं काय ते सांगा. ते माणूस तुमच्या दाराशी पुन्हा येईलच असं नाही. यंदाच्या सर्वपित्रीलाही ऊन उतरेपर्यंत सहादेव हातात पान घेऊन माझ्यापाशी उभा होता.